एक पट्टा की दोन? (राणीच्या बागेतला पेंग्विन आणि आमच्या शाळेतला तक्ता)

खडू_फळा

नमस्कार मंडळी. मी अमरावती जिल्ह्यात धामणगावच्या बाजूला एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. जानेवारीत सहावी-सातवीची ३१ पोरं घेऊन मुंबईची सहल केली. जाताना विदर्भ एक्स्प्रेस, सोबत दोन शिक्षक, पोषण आहाराच्या एक मावशी आणि चिवड्याचे दोन डबे. गेट वे, तारांगण, सगळं दाखवलं. पण परत आल्यावर निबंधात पोरांनी लिहिलं काय, तर समुद्र आणि पेंग्विन. त्यातही पेंग्विन जास्त.

आता मुद्द्यावर येतो. काचेसमोर सगळी गर्दी ‘पहा कसा डुलते’ करत असताना सहावीतली एक मुलगी मला म्हणाली, “सर, याच्या छातीवर एकच पट्टा हाय. आपल्या तक्त्यावर दोन हायेत.” मी मास्तरकीच्या सवयीने लगेच उत्तर ठोकलं, की पाण्यात असल्यामुळे तसं दिसतं. ती गप्प बसली, पण तिला ते पटलं नव्हतं हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

सोमवारी शाळेत आल्या आल्या तिने मला हाताला धरून तक्त्यासमोर नेलं. खाली ठसठशीत अक्षरात ‘हम्बोल्ट पेंग्विन’ आणि छातीवर दोन काळे पट्टे. तक्ता कुठे छापला ते सांगत नाही, शाळेच्या खर्चातून मीच निवडून आणला होता.

तर जाणकारांना दोन प्रश्न. तक्त्यावरचा पक्षी वेगळ्या जातीचा आहे, की नर-मादीचा किंवा वयाचा फरक आहे? आणि जात वेगळी असेल तर ‘याला एक पट्टा, त्याला दोन’ यापलीकडे पोरांना सांगण्यासारखं काही आहे का? नुसता पट्टाच सांगायचा असेल तर तो तिने माझ्याआधीच मोजलाय.

----

कपाशीवाला

गुरुजी, छापनाऱ्यानं एक पट्टा फुकट देल्ला असन. आमच्याकडं बियान्याच्या पाकिटावर बोंडं छापते अन् वावरात नुसती पऱ्हाटी उभी राह्यते, तसंच हे.

बाकी त्या पोरीले माह्याकडून शाबासकी सांगजा.

----

धारणीकर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तक्त्यावर मॅगेलॅनिक पेंग्विन आहे. राणीच्या बागेत आहेत ते हम्बोल्ट. नर-मादीचा संबंध नाही, दोन्ही जातींत नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात, नर थोडा थोराड एवढंच.

पट्टे बघण्याची रीत: हम्बोल्टच्या छातीवर घोड्याच्या नालेसारखा एकच काळा पट्टा असतो, दोन्ही बगलांतून खाली मांड्यांपर्यंत उतरतो. मॅगेलॅनिकला हा खालचा पट्टा असतोच, जरा बारीक. शिवाय वर, गळ्याच्या बुडाशी, आणखी एक रुंद पट्टा. पोळ्याच्या बैलाला दोन माळा घातल्यासारखं समजा. तुमच्या विद्यार्थिनीने गळ्यातली वरची माळ नसल्याचं बरोब्बर टिपलं.

पोरांना आणखी एक खूण द्या. हम्बोल्टच्या चोचीच्या बुडाशी गुलाबी उघडी कातडी असते, पार खालच्या चोचीपर्यंत. मॅगेलॅनिकची गुलाबी कातडी मुख्यतः डोळ्याजवळ, तीही विणीच्या हंगामात ठळक. चोचसुद्धा हम्बोल्टची जाड.

आणि गुरुजी, इतकं वाईट वाटून घेऊ नका. नावाची चिठ्ठी चुकणं हा पक्ष्यांच्या बाबतीत जुना रोग आहे. आमच्या मेळघाटातला रानपिंगळाच घ्या, छोटं घुबड. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, १८८४ नंतर कुणाला खात्रीने सापडला नाही. मग एका इंग्रज कर्नलाने, माइनर्ट्झहॅगन त्याचं नाव, १९१४ मध्ये गुजरातेत मिळाला म्हणून नमुना दाखवला. तो निघाला संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना, चिठ्ठी तेवढी नवी! पक्षीतज्ज्ञ पामेला रॅसमुसेन बाईंनी ही लबाडी उघडी पाडली आणि १९९७ मध्ये सोबत्यांना घेऊन शहाद्याजवळच्या जंगलात जिवंत रानपिंगळा शोधून काढला. नंतर मेळघाटात तो चांगल्या संख्येने मिळाला.

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरलेले असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं. फरक तेवढाच वाटतो, पण एक गावातल्या चिंचेवर बसतो आणि दुसऱ्याला सागाचं जंगल लागतं. साधा पिंगळा संध्याकाळचा, रानपिंगळा भर दिवसा उंदीर-सरडे धरतो. ठिपके ही निव्वळ पाटी, घराच्या आत वेगळाच कारभार.

----

खडू_फळा

धारणीकर, अनेक आभार. पिंगळ्याचं उदाहरण उद्याच वापरतो. आमच्या शाळेच्या वडावर एक जोडी आहेच.

----

सध्या_मुक्काम_चिले

मूळ गाव दारव्हा, पोट भरायला सान्तियागोत. हा धागा पाहून राहवलं नाही, कारण हे दोन्ही पेंग्विन मी एकाच खडकावर पाहिलेत.

चिलेच्या दक्षिणेला चिलोए नावाचं बेट आहे. त्याच्या किनाऱ्याला लागून पुन्यिविल म्हणून छोटे छोटे खडकाळ टेकाड आहेत, होडीतून दाखवतात. तिथे हम्बोल्टची दक्षिणेकडची हद्द आणि मॅगेलॅनिकची उत्तरेकडची हद्द एकमेकींत शिरतात. होडीवाला बोट दाखवत म्हणायचा ‘उनो’, ‘दोस’, म्हणजे एक पट्टा, दोन पट्टे. वर उन्हाळ्यातही झोंबरं वारं, खाली होडी हेलकावत होती. पहिली दहा मिनिटं मला पट्टे सोडा, पक्षीसुद्धा नीट दिसले नाहीत.

गुरुजींच्या पोरांना आवडेल अशी गोष्ट ही, की या भागात एक-पट्टेवाला आणि दोन-पट्टेवाला यांच्या जोड्याही लागतात, आणि संकरित पक्षीही नोंदले गेलेत. म्हणजे त्यांच्या सोयरिकीला पट्ट्याची अडचण येत नाही.

आता नात्याचं सांगतो. स्फेनिस्कस या गटात चार भावंडं: हम्बोल्ट, मॅगेलॅनिक, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा आफ्रिकन आणि विषुववृत्तावरचा गॅलापागोस. एका पट्टेवाले कोण? हम्बोल्ट आणि आफ्रिकन. दोन पट्टेवाले? मॅगेलॅनिक आणि गॅलापागोस, त्याचे पट्टे जरा पुसट. कुणीही म्हणेल, एक-पट्टेवाले सख्खे, दोन-पट्टेवाले सख्खे. जनुकं तपासली तर उलटंच निघालं. हम्बोल्टचा सख्खा भाऊ गॅलापागोस, आणि मॅगेलॅनिकचा सख्खा भाऊ अटलांटिक ओलांडून पलीकडचा आफ्रिकन. पुन्यिविलच्या खडकावर शेजारी-शेजारी नांदणारे हे दोघे चुलत. पट्टे मोजून ओळख पटते, नातं लागत नाही.

चौघांचाही आवाज गाढवासारखा. मुंबईत काचेमुळे पोरांना ऐकू आला नसेल. इथे रात्री वसाहतीजवळ थांबलात तर कुंभारवाड्यात आल्यासारखं वाटतं.

एक इशारा: वर्षभराच्या आतल्या पिलांना पट्टा नसतोच. पाठ राखाडी, पोट पांढरं. दोन्ही जातींची पिलं मला तरी वेगळी ओळखता आली नाहीत.

----

शेवंता_ताई

किती छान माहिती! पण मला एक भाबडी शंका. पेंग्विन म्हटलं की बर्फ. आमच्या अंगणवाडीत सगळी चित्रं बर्फातलीच. मग हे दोघं बर्फ नसलेल्या ठिकाणी कसे राहतात?

----

सध्या_मुक्काम_चिले

ताई, शंका भाबडी नाही. पेंग्विनांच्या निम्म्याहून जास्त जाती बर्फावर राहतच नाहीत. हम्बोल्टचं घर पेरू आणि चिलेचा किनारा. जमिनीकडे बघाल तर कोरडं ठणठणीत वाळवंट, गवताची काडी नाही. थंड आहे ते पाणी. दक्षिणेकडून वाहत येणारा हम्बोल्ट प्रवाह आणि किनाऱ्याशी खालून वर येणारं गार पाणी. डोक्यावर वाळवंटाचं ऊन, पायाशी गार समुद्र. म्हणून तर चोचीजवळची कातडी उघडी, तिथून अंगातली उष्णता बाहेर पडते. मुंबईत त्यांची खोली १६ ते १८ अंशांवर ठेवतात असं वाचलं होतं. म्हणजे आपल्या डिसेंबरातल्या सकाळसारखी.

मॅगेलॅनिक मोठ्या संख्येने अर्जेंटिनाच्या अटलांटिक किनाऱ्यावर. चिलेच्या दक्षिणेला आणि फॉकलंड बेटांवरही आहेत. अर्जेंटिनात पुंता तोंबो नावाची त्यांची प्रचंड वसाहत आहे, झुडपांखाली आणि बिळांत घरटी. १९ जानेवारी २०१९ ला तिथे सावलीत ४४ अंश तापमान गेलं. एका दिवसात किमान ३५४ पेंग्विन मेले. कित्येक समुद्राच्या वाटेवरच पडले, पाण्यापर्यंत पोचलेच नाहीत.

----

कपाशीवाला

४४ म्हंजे आमचा मे महिना. अकोल्याले, चंद्रपूरले तं ४४ ले कोनी ऊन म्हनत नाही, ‘आज जरा बरं हाय’ म्हनते. पन आमच्याकडं माठ हाय, नीम हाय, दुपारी घरात निजता येते. अंगावर पिसाचा कोट घालून समुद्रापावतर पायी जायाचं म्हंजे… जाऊ द्या. वाईट वाटलं.

----

बेंबळेकाठचा

दुसरा प्रश्न राहिला ना, पट्ट्यापलीकडे काय. मी कृषी पदवीधर, वडिलोपार्जित अकरा एकर करतो, म्हणून माझ्या बाजूने सांगतो.

हम्बोल्टचं घर खतात असायचं. खरोखर. पेरूच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर पाणकावळे, बूबी, पेलिकन यांची शतकानुशतकं विष्ठा साचून तिचे डोंगर झाले होते. तिकडे पाऊस जवळपास नाहीच, त्यामुळे नत्र धुपून जात नाही. या थरांत बीळ कोरून हम्बोल्ट अंडी घालायचा: घट्ट भिंत, आत गारवा. या खताला म्हणतात ग्वानो, मूळ क्वेचुआ शब्द वानू. इंका लोक ते वापरत होतेच. १८४० नंतर युरोपला त्याचं वेड लागलं, जहाजंच्या जहाजं भरून गेली. चिंचा बेटांसाठी तर स्पेन आणि पेरू-चिले यांचं १८६४ ते १८६६ युद्ध झालं. शेणखतासाठी तोफा! आपल्याकडे उकिरड्याच्या बांधावरून भाऊबंद कोर्टात जातात, ते फार झालं असं मला वाटायचं.

थर खरवडून नेले, खाली कातळ उरला. हम्बोल्टला बीळ कोरायला जागा राहिली नाही. उघड्यावर, कपारीत अंडी घालावी लागली, तिथे ऊन आणि समुद्रपक्षी दोघांचाही त्रास. आता पेरूने ती बेटं राखीव केलीत (२००९), ग्वानो मर्यादेतच काढतात.

मॅगेलॅनिकला हा प्रश्न नव्हता, तो साध्या मातीत बीळ करतो. त्याचं दुखणं तेल. जहाजांनी समुद्रात सोडलेलं तेलकट पाणी पिसांना लागलं की पिसं ओली होतात आणि पक्षी गारठून मरतो. १९८०च्या दशकात अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर दरवर्षी हजारो असे मरायचे. नंतर तिथल्या एका प्रांताने जहाजांची वाट किनाऱ्यापासून दूर सरकवली तेव्हा कमी झालं.

म्हणजे दोन चुलत भाऊ, एकाचं घर शेतकऱ्याने नेलं, दुसऱ्याची वाट जहाजाने अडवली. यात शेतकरी आहे म्हणून मला जास्त टोचतं.

----

कपाशीवाला

बावा, आता पेंग्विनचंबी पाप आमच्याच माथी! युरिया कमी पडते म्हनून रांगेत उभं राहा, अन् वरून हे.

----

बेंबळेकाठचा

भाऊ, युरोपातल्या शेतकऱ्याच्या माथी. तुम्ही बिनधास्त झोपा.

पण आपला त्यांच्याशी एक धागा आहे, तो लांबचा नाही. एल निनो. जून उजाडला की आपण ज्या शब्दाला घाबरतो तो. मूळ शब्द पेरूच्या कोळ्यांचाच. नाताळाच्या सुमारास पाणी गरम व्हायचं म्हणून ‘बाळ’, बाळ येशू. वारे मंदावले की पश्चिमेकडचं गरम पाणी पूर्वेला सरकतं, पेरूच्या किनाऱ्याशी गार पाणी वर येणं थांबतं, आणि अँचोव्हेटा मासळी खोल जाते किंवा दूर. ही मासळी आठवडी बाजारात सुकी मिळणाऱ्या मांदेलीच्याच कुळातली. हम्बोल्टचं पोट मुख्यतः तिच्यावर. ती गेली की घरटी सोडून आई-बाप निघून जातात, अंडी तशीच. १९८२-८३ च्या एल निनोत पेरूतले सुमारे ६५ टक्के हम्बोल्ट कमी झाले.

आणि १९७२. आमच्या आजीच्या तोंडी कायम असलेलं साल. महाराष्ट्राचा दुष्काळ, लाल मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं. विदर्भाला झळ मराठवाड्यापेक्षा कमी, तरी आजी त्या वर्षीचं धान्य मुठीने मोजायची. तेव्हाही एल निनोच होता. त्याच वेळी पेरूत मासळी कोसळली, बेसुमार पकडली होती हे खरं कारण आणि वरून गरम पाणी. १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांच्या घरात असलेली पकड १९७३ मध्ये २० लाख टनांच्या आसपास आली. मासळीची पूड म्हणजे जगभरच्या कोंबड्या-डुकरांचं खाद्य. ती आटली, तर सगळे सोयाबीनच्या ढेपेमागे लागले, भाव इतके चढले की अमेरिकेने जून १९७३ मध्ये सोयाबीनची निर्यातच रोखली. ढेपेचा आणि पेंग्विनच्या ताटाचा असा संबंध आहे. गुरुजी, हे सातवीच्या वर्गात सांगाच, पोरांच्या घरी सोयाबीनच आहे.

----

मोजूनमापून

लेखन उत्तम, पण एक दुरुस्ती. एल निनो आला की आपल्याकडे दुष्काळ, असं सरळ गणित नाही. १९९७-९८ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी एक, हम्बोल्टचे त्यातही हाल झाले, पण १९९७ चा भारतातला मान्सून सरासरीच्या १०२ टक्के होता. उलट २००९ मध्ये एल निनो तितका मोठा नसून पाऊस ७८ टक्क्यांवर आला. पेरूशी पेंग्विनची गाठ घट्ट आहे, आपली जरा सैल. पोरांना सांगताना ‘बहुतेकदा’ हा शब्द ठेवा.

----

बेंबळेकाठचा

मान्य. ‘बहुतेकदा’ घालून वाचावे. २०२३ चा कोरडा ऑगस्ट मात्र मी विसरू शकत नाही, फुलोऱ्यावरचं सोयाबीन पिवळं पडत गेलं आणि आम्ही बांधावर उभे.

----

शेवंता_ताई

मॅगेलॅनिकवर एल निनोचा काही परिणाम नाही का मग? आणि व्हॉट्सॲपवर एक येतं ना, ब्राझीलच्या म्हाताऱ्याने तेलात बुडालेला पेंग्विन वाचवला आणि तो दरवर्षी ८ हजार किलोमीटर पोहून त्याला भेटायला येतो. तो यातला कोणता?

----

धारणीकर

ताई, तो मॅगेलॅनिक. आणि इथेच दोघांतला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा फरक आहे.

हम्बोल्ट घरकोंबडा. आपल्या प्रवाहाला धरून राहतो, मासळी असेल तर वर्षातून दोनदाही वीण काढतो, हंगाम ठरलेला नाही. मॅगेलॅनिक शेड्युलवाला. सप्टेंबरच्या सुमारास वसाहतीवर हजर, पुष्कळदा मागच्याच बिळात आणि मागच्याच जोडीदाराकडे. दोन अंडी, चाळीसेक दिवस उबवणी, उन्हाळा संपता संपता पिलं पाण्यात. मग पिसं झडून नवी येईपर्यंत उपाशी किनाऱ्यावर, आणि त्यानंतर सगळे उत्तरेकडे समुद्रात. थंडीत ब्राझीलपर्यंत जातात, हा त्यांचा नेहमीचा रस्ता. त्यामुळे ब्राझीलला एखादा पेंग्विन पुन्हा पुन्हा दिसणं नवलाचं नाही. म्हाताऱ्याच्या अंगणात येऊन बसणं नवलाचं. ८ हजारांचा आकडा मात्र कुणी त्याच्या मागे पोहत जाऊन मोजलेला नाही.

एकाने घर धरून ठेवलं, दुसऱ्याने वाट. हम्बोल्टचं घर बिघडलं की त्याला दुसरीकडे फारसं जाता येत नाही. कदाचित म्हणूनच जगात हम्बोल्टचे प्रौढ पक्षी २४ हजारांच्या आसपास धरतात आणि तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे, तर मॅगेलॅनिकच्या जोड्याच दहा लाखांवर.

----

दादरचा_पाहुणा

मला वाटतं २०१६ ला दक्षिण कोरियातल्या सोलहून ८ हम्बोल्ट आणले ते चूकच होतं. त्यातला एक त्याच वर्षी मेला. वाळवंटातला समुद्रपक्षी भायखळ्यात…

----

कपाशीवाला

राजेहो, तो वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. इथं पोरीचा पट्टा चालू हाय. पन एक म्हनतो, ते पक्षी आनले नसते तं ह्या पोरीनं पट्टा कायले मोजला असता?

----

दादरचा_पाहुणा

मुद्दा आहे, पण पटला नाही. थांबतो.

----

खडू_फळा

सर्वांचे आभार. काल दोन तास हाच विषय झाला, गणिताचा तास बुडाला.

तक्ता फेकला नाही. ‘हम्बोल्ट’वर पांढरी पट्टी चिकटवून त्या मुलीनेच स्केचपेनने ‘मॅगेलॅनिक’ लिहिलं, आणि बाजूच्या मोकळ्या जागेत एका पट्ट्याचा हम्बोल्ट स्वतः काढला. चोचीशी गुलाबी खडू घासलाय. ‘पाण्यात तसं दिसतं’ हे माझं उत्तर चुकीचं होतं, असं वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं. पोरं खूश, कारण मास्तर चुकतो हे त्यांना फार आवडतं.

चुलत-सख्ख्याचा भाग सगळ्यांत रंगला. एकाने विचारलं, सर, माहा चुलत भाऊ माह्यासारखा दिसते अन् सख्खा दिसत नाही, तसंच का? मी हो म्हटलं. धारणीकर, चुकलं असेल तर सांगा.

सोयाबीनची ढेप सांगितल्यावर संध्याकाळी दोन बाप शाळेत आले, पेरूत या वर्षी मासळी कशी आहे विचारायला.

----

धारणीकर

अजिबात चुकलं नाही. मेळघाटात या कधी पोरांना घेऊन, रानपिंगळा दाखवतो. पहाटे नाही, निवांत आठ-नऊला आलात तरी चालेल.

----

घाटंजीचा_गण्या

उशिरा आलो धाग्यावर. आमचीबी शाळा फेब्रुवारीत मुंबईले जाऊन राह्यली. राणीची बाग सोमवारी बंद असते का?

----

खडू_फळा

सोमवारी नाही, बुधवारी. आम्ही आधी बुधवारचंच ठरवलं होतं, आरक्षण काढायच्या आदल्या दिवशी कळलं. भायखळा स्टेशनवरून पायी जाता येतं, पण पोरांचे हात धरा, रस्ता आपल्या गावासारखा नाही.